गेटवर ६२ तास: हॉल्टिंग नक्की कुणाचं?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो. आज हॉल्टिंगवरनं, म्हणजे गाडी अडकून राहिल्याच्या पैशांवरनं, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या दोन गाड्या आहेत, एक दहाटायर आणि एक आयशर. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, पुण्याकडं जातं, तेच मुख्य काम. दहाटायरवर मामा आहेत. नात्यातले नव्हेत, पण वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडं आहेत, म्हणून घरात सगळ्यांचे मामाच. वय ५६.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी सातला गाडी भरून निघाली. खंबाटकीच्या अलीकडं जेवण, थोडी झोप, आणि शुक्रवारी पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी मामा चाकणला कंपनीच्या गेटवर. पुढं सोळा गाड्या. वॉचमननं खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडून त्यावर पेनानं १७ लिहून दिलं. हा नंबर.

गाडी खाली झाली रविवारी संध्याकाळी सहा वाजता. हिशोब करा, ६२ तास. रस्त्यावर नऊ तास, गेटवर बासष्ट.

शुक्रवारी म्हणे माल तपासणारा माणूस रजेवर. शनिवारी इनव्हॉइसवरचा पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर जुळेना, मग फाउंड्रीला फोन, मेल, दुपारी दोननंतर ऑफिस बंद. शनिवारी मध्यरात्री ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या कागदाची, मुदत संपणार होती. दिवसाला २०० किलोमीटर धरतात, म्हणजे आमच्या खेपेला दोन दिवस मिळतात, आणि माल गाडीत असेपर्यंत ते जिवंत ठेवायला लागतं. मुदतीच्या आठ तास आधी किंवा आठ तास नंतर एवढ्यातच वाढवता येतं, म्हणून मी रात्री साडेअकराला लग्नाच्या पंगतीतून उठून मोबाईलवर वाढवत बसलो. त्याच दुपारी पाचशे रुपयांचं ई-चलन माझ्या नंबरवर आलेलं, नो पार्किंग. गाडी कुठं उभी होती? कंपनीच्या कंपाउंडला लागून, कंपनीच्याच रांगेत. आत पार्किंग नाही, बाहेर लावलं की दंड.

मामांनी साइडच्या पेटीतला स्टोव्ह काढून दोन दिवस भात आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. कँटीन आहे, पण ड्रायव्हर लोकांना आत सोडत नाहीत. संडासला समोरच्या पेट्रोल पंपावर, तिथला पोरगा डिझेल भरणार असाल तरच किल्ली देतो.

आता मुख्य मुद्दा. भोसरीतनं परतीचं स्क्रॅप ठरलेलं, ते शुक्रवारीच दुसऱ्या गाडीला गेलं. गाडी रिकामी आली. जाऊन-येऊन डिझेलच बारा हजारांवर, टोल वेगळा, आणि भाडं साडेसतरा हजार. मी दोन दिवसांचं हॉल्टिंग दीड हजारानं तीन हजार लावून बिल पाठवलं. कंपनीचं उत्तर एका ओळीचं: "गेट रजिस्टरप्रमाणे वाहन इन टाइम रविवार दुपारी २.२०, आउट टाइम ६.१५. हॉल्टिंग लागू नाही."

म्हणजे गाडीचं पुढचं चाक गेटच्या आत गेलं तेव्हा त्यांचं घड्याळ सुरू झालं. त्याआधीचे अडीच दिवस मामा कुठं होते? त्यांच्या लेखी कुठंच नव्हते.

तुम्ही लोक हॉल्टिंग कसं वसूल करता? वेळ कुठनं धरता? आणि लिहून कुणाकडनं घेता?

---

सावळा_गोंधळ

हॉल्टिंग कसलं मागताय राव. आमचं उरलेलं भाडं पोच, म्हणजे माल मिळाल्याची सहीशिक्क्याची पावती, हातात पडल्याशिवाय मिळत नाही, आणि पोच कुरियरनं पोचायला महिना. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर म्हणतात ओरिजिनल पाहिजे, शिक्का दिसत नाही. तुम्ही तीन हजारांसाठी रडताय, माझे दोन लाख पोचेत अडकलेत.

---

कळंबोलीकर

पंचगंगाकाठ, तुमचे ६२ तास वाचून हसू आलं, वाईट वाटून घेऊ नका. मी न्हावा शेवा लाइनवर पंधरा वर्षं आहे, कंटेनर. २०१७ च्या जूनअखेरीस सायबर हल्ल्यात मर्स्क या शिपिंग कंपनीच्या ताब्यातलं टर्मिनल बंद पडलं तेव्हा उरणच्या बाजूला रांग कुठपर्यंत लागली होती ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच ठाऊक. कॉम्प्युटर बंद, म्हणून सगळा कारभार हातानं. पावसाळा. चिखलात उभ्या गाड्या. हॅकर कुठल्या देशातला ते देव जाणे, भिजला आमचा ड्रायव्हर.

कांद्याचं तर विचारूच नका. १४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदी, परत ८ डिसेंबर २०२३ पासून. दोन्ही वेळेला गाड्या नाशिकहून निघालेल्या, काही बंदरात पोचलेल्या. रीफर, म्हणजे थंड कंटेनर असेल तर जनसेट (जनरेटर) चालू ठेवावा लागतो, नाहीतर माल सडतो. डिझेल जळतंय, निर्यातदार म्हणतो थांबा दिल्लीतून काहीतरी मार्ग निघेल, आणि पोरगा केबिनमध्ये बसून व्हिडिओ बघतोय. २०२० ला बांगलादेशच्या सीमेवर पण कांद्याच्या गाड्या अशाच अडकल्या. त्यातले आपल्या नाशिक-नगरकडचे ड्रायव्हर, भाषा येत नाही, खिशात पैसे नाहीत.

आता गंमत बघा. कंटेनर ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त दिवस बाहेर राहिला तर शिपिंग लाइन डिटेन्शन लावते, ते पण डॉलरमध्ये, दिवसागणिक चढतं. टर्मिनलमध्ये माल पडून राहिला की त्यांचं ग्राउंड रेंट सुरू. रेल्वेची वाघीण मालधक्क्यावर वेळेत रिकामी केली नाही तर तासावर डेमरेज. लोखंडी डब्याच्या वेळेला भाव आहे, जमिनीच्या तुकड्याला भाव आहे. जो माणूस तो डबा ओढतो त्याचा तास तेवढा फुकट.

---

अर्धा_वकील

कायद्याचं बोलतो, कारण प्रश्न घड्याळ कुठून धरायचं हा आहे, आणि त्यावर कायद्यात एक फार मासलेवाईक कलम आहे.

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला वगैरे १० आणि ५४ पर्यंत सूट. जादा कामाला दुप्पट दर. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ ड्रायव्हरच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवतं. आता "कामाचे तास" म्हणजे काय याची व्याख्या वाचा. कामगार मालकाच्या किंवा त्याच्या सेवेवर हक्क असलेल्या दुसऱ्या कुणाच्या हाताशी असतो तो वेळ. त्यात गाडी चालवण्याचा वेळ आला, जोडकामाचा आला, आणि तिसरं, टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ, पण तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर!

परत वाचा. चौदा मिनिटं थांबलात तर काम. बासष्ट तास थांबलात तर त्या व्याख्येच्या आधारानं मालकाला म्हणता येतं की हे नुसतं हजर राहणं आहे.

माझ्या मते रांगेतल्या ड्रायव्हरला हे लावणं चूक आहे. नुसतं हजर राहणं म्हणजे हाक आली तर ओ द्यायला बसून राहणं. रांगेतला ड्रायव्हर दर अर्ध्या तासाला गाडी वीस फूट पुढे घेतो, मालाची राखण करतो, ताडपत्री बघतो, डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून रात्री टाकीच्या बाजूला झोपतो. हे जोडकाम आहे, आणि तो माल घेणाऱ्या कंपनीच्या हाताशीच आहे. पण हे सांगायला त्याला कोर्टात जावं लागेल, आणि तिथेही आधी पायरीवरच अडखळेल, कारण हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या उपक्रमालाच लागायचा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पंचगंगाकाठांसारख्या एक-दोन गाड्यांवाल्यांच्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा जुना कायदा सामावून घेतलाय, पण एक-दोन गाड्यांच्या मालकाच्या मामांना त्यातून हातात काय पडतं हे मला तरी दिसलेलं नाही.

दुसरा कायदा २००७ चा, रस्त्याने मालवाहतुकीचा. १८६५ चा इंग्रजांचा कायदा काढून तो आणला. त्याचा सगळा जीव माल हरवला, फुटला, उशिरा पोचला तर वाहतूकदार किती जबाबदार यात आहे. माल घेणाऱ्यानं माल उतरवून घ्यायला उशीर केला तर? नोटीस द्या, तीस दिवसांनी माल बेवारस समजा. तीस दिवस!

स्पेनने २०२२ मध्ये फुकट थांबायची मुदत दोन तासांवरून एका तासावर आणली आणि मोठ्या गाड्यांच्या ड्रायव्हरला माल चढवण्या-उतरवण्याच्या कामातून, काही अपवाद सोडून, बाहेर काढलं. म्हणजे कायद्यात लिहिता येतं. आपल्याकडे तोवर एकच मार्ग: बिल्टीच्या (मालवाहतुकीच्या पावतीच्या) तोंडावर, मागे बारीक अक्षरात नव्हे, छापा की गाडी पोचल्याची वेळ अमुक पुराव्यावर धरली जाईल, इतके तास मोफत, नंतर इतके रुपये. आणि फाउंड्रीची सही घ्या. तुमचं भाडं ज्याच्याशी ठरलंय त्याच्याकडे मागा, चाकणवाल्याशी तुमचा करारच नाही.

---

तिखट_चटणी

वकीलसाहेब, तुम्ही अर्धे असून एवढं लिहिता, पूर्ण असता तर काय केलं असतं.

---

डॉकवरून

मी गेटच्या त्या बाजूचा. चाकणमध्येच, पण धाग्यातली कंपनी माझी नसावी अशी आशा करतो. अकरा वर्षं स्टोअर्समध्ये आहे. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

आमच्याकडे तीन डॉक, म्हणजे माल उतरवायचे धक्के, आहेत आणि दिवसाला चाळीस-पंचेचाळीस गाड्या. भागाकार जमतो. पण गाड्या दिवसभर विभागून येत नाहीत. पहाटे चार ते सात या वेळेत तीस गाड्या येतात, कारण सगळ्यांना दिवसाच्या गर्दीआधी आणि नो एंट्रीआधी पोचायचं असतं. आम्ही स्लॉट दिले होते. मेल करून, वेळ ठरवून. सप्लायर त्या मेलला उत्तर देतो "नोटेड सर" आणि गाडी त्याला सोयीची तेव्हा सोडतो.

दुसरं, महिनाअखेर. तुमच्या फाउंड्रीला ३१ तारखेच्या आत बिलिंग दाखवायचं असतं. म्हणून २५ नंतर सगळे सप्लायर माल ढकलतात. आम्हाला मात्र त्या महिन्याचा साठा वाढलेला दाखवायचा नसतो. मग माल कागदावर कुणाचा? फाउंड्रीनं विकला म्हणून नोंदवला, आम्ही अजून घेतला म्हणून नोंदवला नाही. मधल्या काळात तो कुठे राहणार? तुमच्या गाडीत. खरं सांगतो, आमच्या साहेबांच्या तोंडून मी मीटिंगमध्ये ऐकलंय, "लेट इट बी ऑन व्हील्स." चाकांवरचं गोदाम. भाडं शून्य, वॉचमन फुकट, विम्याची चिंता दुसऱ्याची.

क्यूसीवाला, म्हणजे माल तपासणारा, रजेवर होता हे खरंही असेल. पण लाइन थांबायची वेळ आली असती तर त्याच मालासाठी त्याला घरून उचलून आणला असता. मी स्वतः रात्री दोनला गाडी शोधत रांगेत फिरलोय, ड्रायव्हरला उठवून, चहा पाजून, सतराव्या नंबरवरून थेट डॉकला लावलीय. तेव्हा त्याला वाटलं असेल कंपनी काय चांगली आहे.

गेट रजिस्टरचं म्हणाल तर सिस्टीममध्ये वाहन आत आल्यावरच एंट्री पडते. रांगेची नोंद करायची सोय नाही असं नाही. केली तर आमचाच टर्नअराउंड, म्हणजे गाडी मोकळी करायला लागलेला वेळ, वाईट दिसतो. माझा पगारवाढीचा फॉर्म त्या आकड्यावर भरला जातो.

---

पंचगंगाकाठ

डॉकवरून, मनापासून आभार. शिव्या नाही देत. "चाकांवरचं गोदाम" वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. आमचा माल २६ तारखेला निघाला होता.

---

फडावरची

मी कधी लिहीत नाही इथे. माझे पप्पा ऊसाचा ट्रक चालवतात, सीझनला सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांना, बाकी वर्षभर वीट, वाळू.

ऊसाला सगळं टनावर. टन आणि अंतर, एवढंच. तासाचा प्रश्नच येत नाही. कारखान्याच्या यार्डात टोकन घेऊन गाडी लावायची आणि लाउडस्पीकरवर नंबर पुकारायची वाट बघायची. ट्रकची रांग वेगळी, ट्रॅक्टरची वेगळी, बैलगाड्यांची वेगळी. गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढणारा पट्टा, बंद पडली की सगळंच थांबतं. एकदा पप्पा ३४ तास यार्डात होते. मी तेव्हा दहावीला होते, डबा घेऊन गेले होते सायकलवर. यार्डात शेकड्यानी गाड्या, धुळीत, मळीचा वास, आणि प्रत्येक केबिनमधून एक हात बाहेर, मोबाईल धरलेला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तोडलेला ऊस वाळतो. वजन घटतं. काटा होतो तो आत जाताना, म्हणजे थांबून थांबून जेवढा ऊस वाळला तेवढं शेतकऱ्याचं पण बिल कमी आणि पप्पांची वाहतूक पण कमी. थांबायचे पैसे मिळायचे राहूदे, थांबल्याचे कापले जातात! आणि तिकडे फडात टोळी बसून. गाडी परत आल्याशिवाय भरणार कशात? बीडकडची कोयत्याची माणसं, त्यांचं पण टनावर. एक गाडी यार्डात अडकली की वीस माणसांची रोजी अडकते.

पप्पांना विचारलं आज, तुम्ही कधी थांबायचे पैसे मागितले का. म्हणाले, "कुणाला मागायचे, लाउडस्पीकरला?"

---

सावळा_गोंधळ

@फडावरची, पप्पांना नमस्कार सांगा. माझा वरचा प्रतिसाद जरा उर्मट झाला.

---

लेकशोअर

शिकागोजवळ राहतो, मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इथे सगळं आलबेल असेल असं वाटत असेल तर थोडं सांगतो.

इथे सर्वसाधारण पद्धत म्हणजे पहिले दोन तास फुकट, मग तासाला डिटेन्शन. पण ते कायद्यात नाही, करारात. १९३८ च्या कामगार कायद्यात आंतरराज्य ट्रक ड्रायव्हरला ओव्हरटाइममधून वगळलंय, आणि ते कलम आजही आहे. बहुतेकांना मैलावर पैसे. चाक फिरलं तर पगार. त्यात दिवसाची मर्यादा: कामाला सुरुवात केल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची, आणि ते इलेक्ट्रॉनिक यंत्र मोजतं. गोदामात पाच तास गेले तर ते १४ मधून गेले, ड्रायव्हर मग उरलेल्यात दामटतो. इथल्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांचा २०१८ चा अहवाल आहे: थांबण्याची सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढली तर अपघातांचं प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं असा त्यांचा अंदाज.

कंपनीला डिटेन्शन मिळालं तरी ते ड्रायव्हरपर्यंत पोचतंच असं नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळे रकाने आहेत, "कस्टमरला लावलेलं" आणि "ड्रायव्हरला दिलेलं". दुसरा बऱ्याचदा रिकामा असतो.

---

घाटमाथा

वाराईचं, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचं, कुणीच काढलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. माल दुसऱ्याचा, उतरवणार दुसरा, पैसे ड्रायव्हरच्या खिशातून. आमच्याकडे वर्षानुवर्षं घोषणा चालू आहे, ज्याचा माल त्याचा हमाल. माथाडी कायदा १९६९ चा, हमालाला संरक्षण मिळालं आणि मिळायलाच पाहिजे होतं, पण त्याची मजुरी मालवाल्यानं द्यायची की गाडीवाल्यानं हे भांडण गेटवरच राहिलं. वाराई दिली नाही तर गाडीला हात लावत नाहीत, म्हणजे परत हॉल्टिंग.

---

पंचगंगाकाठ

घाटमाथा, बरोबर आहे, पण वाराईवर वेगळा धागा काढा, नाहीतर इथं शंभर प्रतिसाद त्याचेच होतील.

---

तिखट_चटणी

मगाशी चेष्टा केली, आता एक सरळ प्रश्न विचारते, धागाकर्त्यांनी राग मानू नये.

लेकशोअर यांचे दोन रकाने वाचले आणि परत तुमचा पहिला मजकूर वाचला. त्यात तुमचं डिझेल आहे, तुमचं परतीचं भाडं आहे, तुमचं चलन आहे, तुमची पंगत आहे. मामांचा भात आहे, संडास आहे. मामांचे पैसे कुठेच नाहीत. आजवर कधी हॉल्टिंग मिळालं असेल ना? तेव्हा मामांना किती दिलंत?

---

अर्धा_वकील

आता आली का पंचाईत.

---

पंचगंगाकाठ

तिखट_चटणी, राग नाही. उत्तर द्यायला दोन दिवस लागले एवढंच.

वही काढून बसलो होतो. गेल्या वर्षात मला चार वेळा हॉल्टिंग मिळालं, एकूण ९,००० रुपये. तीन पार्ट्या चांगल्या आहेत, मागितलं की देतात. मामांना त्यातलं किती दिलं ते वहीत नाही, कारण दिलेलंच नाही. एकदा दोनशे रुपये जेवायला दिल्याचं आठवतं.

मामांचा हिशोब असा आहे: महिना पंधरा हजार आणि खेपेमागं आठशे भत्ता. बरा महिना असला की अकरा खेपा होतात. त्या महिन्यात सात झाल्या. गेटवर गाडी उभी राहिली की माझं भाडं बुडतं हे मला लगेच कळतं, फोनवर ओरडतो पण. मामांचे बत्तीसशे रुपये बुडाले हे मला वही काढल्यावर कळलं. त्यांनी एकदाही तोंडातनं काढलं नाही. वडील असते तर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे, इथं लिहीत नाही.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो, आता सांगायलाच बसलोय तर. ऑक्टोबर २०२५ पासून नवीन ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तेव्हा मी ग्रुपवर मोठा लेख लिहिला होता, ड्रायव्हरचं कल्याण वगैरे. आमची गाडी जुनी, तिला एसी नाही. पण असता तरी गेटवर इंजिन चालू ठेवू दिलं असतं का मी? ॲव्हरेज पडतं म्हणून बोंबललोच असतो.

---

सावळा_गोंधळ

धाग्याची गाडी मालकाच्याच अंगणात लागली की. माझी वही मी काढत नाही.

---

डॉकवरून

पंचगंगाकाठ, कामाचं सांगतो. गेट रजिस्टरवर भांडून उपयोग नाही, ते आमच्या हातात आहे. तुमच्या हातातलं घ्या. शेवटच्या टोल नाक्याचा फास्टॅगचा मेसेज तुमच्याच मोबाईलवर येतो, वेळेसकट. गाडीला जीपीएस असेल तर त्याचा रिपोर्ट. पोचल्याबरोबर आमच्या स्टोअर्सच्या मेलवर, फाउंड्रीला कॉपी ठेवून, दोन ओळी: "वाहन क्रमांक अमुक, पोचले, वेळ अमुक." फोन नको, मेल. फोन कुणी केला होता हे नंतर कुणालाच आठवत नाही. मेल आली की सप्लायरचा माणूस आमच्या मागे लागतो, कारण उद्या हॉल्टिंग त्याच्या बोकांडी बसणार. ओरडणाऱ्याची गाडी आधी आत येते, हे चूक आहे, पण आहे.

आणि वॉचमनशी भांडू नका. तो बारा तासांच्या ड्युटीवर असतो, कंत्राटी. त्याला पण रांगेतच धरा.

---

कळंबोलीकर

चलनाचं राहिलं. दुसऱ्यांदा नो पार्किंग लागलं की पाचशेचे दीड हजार. २०२५ च्या जुलैत ई-चलनावरूनच राज्यात मालवाहतूकदारांनी गाड्या बंद ठेवल्या होत्या. चलन आलं की लगेच तक्रार टाका, सोबत रांगेचा फोटो जोडा. माझं एक असं रद्द झालंय. एकच, पण झालंय.

---

पंचगंगाकाठ

शेवटचं अपडेट, मग धागा तुम्हीच चालवा.

फाउंड्रीच्या शेठना जाऊन भेटलो. बिल्टी नवीन छापतोय: पोचल्यापासून आठ तास मोफत, पुढं दिवसाला दीड हजार, वेळ फास्टॅग आणि मेलवरनं. शेठ म्हणाले आठ नाही, चोवीस करा. बारावर ठरलं. मागच्या तीन हजारांपैकी पंधराशे द्यायला तयार झाले, "तुमच्या वडिलांकडं बघून". घेतले.

ते पंधराशे मामांना दिले. आणि सांगितलं, बारा तासांच्या पुढं गेटवर गाडी राहिली की दिवसाला सहाशे, मला हॉल्टिंग मिळो न मिळो. त्यांनी पैसे मोजून पाकिटात ठेवले आणि विचारलं, "दिवस म्हणजे मालक, चोवीस तासांचा का उजाडला की?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांनीच तोडगा काढला: रात्री बारा वाजले की नवा दिवस, ई-वे बिलासारखा. म्हणजे पोचल्यावर झोपेत पण एक दिवस पडू शकतो. हसले. मी पण मान्य केलं.

मेल टाकायला त्यांना येत नाही, म्हणून ठरलं की ते मला फोटो पाठवणार आणि मेल मी टाकणार. काल रात्री गाडी परत चाकणला गेली. आज पहाटे ४.३५ चा फोटो आलाय. गेट, मागं आमच्या गाडीचं तोंड, आणि हातात पुठ्ठ्याचा तुकडा. या वेळी नंबर २३. मेल टाकली आहे.